आग कुणाची, आगळीक कुणाची?

२५ डिसेंबर ही तारीख आपल्याला कॅलेंडरात शोधावी लागत नाही. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली. खड्डा खणून, माणसांच्या गर्दीसमोर, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, जाहीरपणे जाळली. कुणाचं छप्पर जळलं नाही, कुणाची गंजी पेटली नाही. तरी त्या आगीची धग ज्यांना लागायची त्यांना अजून लागते आहे.

त्याच १९२७ सालच्या सप्टेंबरात इंग्रज सरकारने भारतीय वन कायदा केला. मनुस्मृती जळाली, हा कायदा टिकला. इंग्रज गेला, काँग्रेस आली, भाजप आला. चांदा-गडचिरोलीच्या जंगलात १९२७ साल अजून गादीवर आहे.

याच तारखेला आणखी दोन आगी लागल्या. १९६८ साली तामिळनाडूतल्या किळवेनमणी गावात मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांची वस्ती जमीनदारांच्या टोळीने घेरली. जीव वाचवायला माणसं एका झोपडीत शिरली. झोपडी बाहेरून पेटवली. ४४ जण जळून मेले, बहुतेक बायका आणि पोरं. खालच्या कोर्टाने जमीनदारांना शिक्षा दिली, मद्रास हायकोर्टाने त्यांना सोडलं. निकालाचा सूर असा, की एवढे मोठे, मोटारी बाळगणारे लोक स्वतः पायी येऊन आग कशाला लावतील?

दुसरी आग २०१६ सालची, गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातली. सुरजागडच्या लोहखाणीवर खनिज वाहणारी ७६ वाहने माओवाद्यांनी पेटवली असे तपास यंत्रणेचे म्हणणे. त्या आगीच्या खटल्यात नागपूरचा एक दलित वकील आरोपी झाला.

एकीकडे ४४ माणसं जळाली आणि आरोपी सुटले. दुसरीकडे वाहनं जळाली आणि वकील आत. आपल्या कवितेत आग पुष्कळ आहे. आज कवितेतली आग बाजूला ठेवू आणि कायद्यातली आग वाचू. कारण उद्या तुमच्या वस्तीत पोलिसांची गाडी येईल तेव्हा तिच्यातला साहेब कविता मागणार नाही, सही मागेल.

कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याचं नाव आहे ‘आगळीक’. पोरगं कुणाची काच फोडतं त्याला आपण आगळीक म्हणतो. कायद्यात तोच शब्द जन्मठेपेपर्यंत जातो. जुन्या भारतीय दंड संहितेत दोन कलमं होती. ४३५: आग लावून मालमत्तेचं किंवा पिकाचं नुकसान, शिक्षा सात वर्षांपर्यंत. ४३६: माणसाचं राहतं घर, देवस्थान किंवा माल ठेवायची इमारत जाळणे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि दोन्ही कलमं ३२६ मध्ये गेली. पोटकलमं (च) आणि (छ). नंबर बदलला, शिक्षा तीच. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुनं कलमच लागतं, हे लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: ४३५ हे कलम जामीनपात्र होतं. म्हणजे नुसता ट्रक जाळल्याचा आरोप असेल तर जामीन हा आरोपीचा हक्क. घर जाळण्याचं कलम मात्र अजामीनपात्र. कायदा करणाऱ्याला एवढी अक्कल होती, की गाडी वेगळी आणि माणसाचं घर वेगळं.

आपल्या घरांसाठी याहून कडक कायदा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(२)(चार): अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचं राहतं घर, पूजास्थान किंवा माल ठेवायची जागा नष्ट करण्यासाठी दुसऱ्या समाजातल्या कुणी आग लावली तर जन्मठेप. खाली उतरायला पायरीच नाही. या कलमाच्या शब्दांत ‘जातीच्या कारणावरून’ ही अट घातलेली नाही. मालमत्ता जाळली तर ३(२)(तीन): कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षे. अटकपूर्व जामीन नाही. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. जळालेलं घर सरकारने आपल्या खर्चाने विटा-दगडात बांधून द्यायचं, असं त्या कायद्याचे नियम सांगतात.

कागदावर सगळं आहे. मग माणसं सुटतात कशी?

सुटतात ती पहिल्या कागदावर. फिर्यादीत ‘अज्ञात जमाव’ लिहिला की निम्मा खटला तिथंच गेला. जमावाच्या खटल्यात दोन-चार साक्षीदारांनी एकच नाव सुसंगतपणे घेतलं पाहिजे, हा सावधगिरीचा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या मसालती खटल्यात सांगितला. आता मराठवाडा आठवा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि खेड्याखेड्यांतून आपली घरं पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंचा जीव घेतला. जाळणारे गावचेच होते, तोंडओळखीचे होते. ज्या विहिरीवर उद्या पाणी भरायचं, ज्या शेतात परवा मजुरीला जायचं, त्या मालकाचं नाव कोर्टात चार जणांनी मिळून घ्यायचं. घेतील कसे? साक्षीदार फितूर होतो असं कोर्ट म्हणतं. साक्षीदार उपाशी असतो हे कोर्टाच्या कागदावर येत नाही.

आणि हेही होऊ शकतं. हरियाणातल्या मिर्चपूरमध्ये २०१० च्या एप्रिलात दलितांची घरं जाळली. एक म्हातारा आणि त्याची अपंग मुलगी जळून गेली. खालच्या कोर्टाने बहुतेक आरोपी सोडले. लोक मागे हटले नाहीत, अपिलात गेले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली हायकोर्टाने सुटलेल्यांपैकी २० जणांना दोषी ठरवलं आणि एकूण १२ जणांना जन्मठेप दिली. खटला लढणारा उभा राहिला तर कायदाही उभा राहतो. लढणारा नसेल तर तो फडताळात झोपतो.

आगीचा आरोप आणखी एका कामाला येतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. कारण काय दिलं? जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणे. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरवलं. दलितांनी काडी ओढली नव्हती. ‘ओढणार होते’ एवढ्यावर दहा मुडदे पडले.

आता जंगलात या. उन्हाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीत वणवे पेटतात. मोह गळायला लागला की झाडाखालचा पाला झाडतात, कुणी जाळतात, म्हणजे फूल दिसतं. तेंदूला कोवळं पान फुटावं म्हणून झुडपांना आग लावली जाते, त्यात ठेकेदाराचाही फायदा असतो. कुणी धुऱ्यावरचं गवत जाळतो आणि वारा फिरतो. बिडीचं थोटूकही पुरतं. वनखातंसुद्धा आग लावतं. हंगामाआधी जाळरेषा जाळतं. फरक एवढाच, की साहेबाची आग ‘नियंत्रित’ आणि मोहवालीची आग ‘वनगुन्हा’.

वन कायद्याचं कलम २६ राखीव जंगलातल्या आगीबद्दल आहे. मूळ कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, वर नुकसानभरपाई. वाचून वाटेल, एवढंच ना? थांबा. खरा दात पोटकलम तीनमध्ये आहे. राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर त्या जंगलातला चराईचा आणि वनोपजाचा सगळा हक्क सरकार वाटेल तितका काळ बंद ठेवू शकतं. एखाद्याला शिक्षा होऊन गेली असली तरी हे करता येतं. आणि आग लावणारा कोण हे आधी ठरलं पाहिजे, असं त्या ओळीत कुठेही लिहिलेलं नाही. संरक्षित जंगलासाठी कलम ३३ मध्ये हेच पुन्हा आहे.

याचा अर्थ नीट लावा. काडी एकाने ओढली. मोह, तेंदू, सरपण, चराई बंद झाली अख्ख्या गावाची. वर कलम ७९: जंगलात हक्क असलेल्याने आगीची खबर द्यायची आणि विझवायला धावायचं, नाहीतर एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. विझवायला बिनपगारी हात गावाचे, संशय गावावर, शिक्षा गावाला. किळवेनमणीच्या जमीनदारांना कुणी म्हणालं होतं का, की आता तुमच्या अख्ख्या जातीची शेती पाच वर्षे बंद? सवर्ण वस्तीला सामुदायिक शिक्षा ही कल्पनासुद्धा कुणाला सुचत नाही. जंगलातल्या माणसासाठी ती १९२७ पासून छापून तयार आहे. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्राने या कायद्याचा नवा मसुदा काढला, त्यात वनअधिकाऱ्याला बंदूक वापरायची मोकळीक होती. देशभर ओरड झाली, नोव्हेंबरात मसुदा मागे घेतला. पण जुना कायदा आहेच.

शहरातल्या दोस्तांना वाटतं, हे आदिवासींचं आहे, आपलं काय त्यात? जंगलात फक्त गोंड-माडिया राहत नाहीत. त्या गावांत आपले लोक आहेत, ढिवर आहेत, इतर गरीब जाती आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात आपण ‘इतर पारंपरिक वननिवासी’. आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा; आपण मात्र त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवायचं. म्हणजे १९३० सालापासून. १९३० साली आपल्या आज्याच्या नावावर कोणती कचेरी कागद करत होती? दावा फेटाळला की आपला माणूस ‘अतिक्रमणदार’. मग त्याने आपल्याच शेताचा धुरा जाळला तरी तो जंगल जाळणारा. नियमांत वडीलधाऱ्यांची लेखी घेतलेली साक्षही पुरावा म्हणून चालते, हे त्याला कुणी सांगत नाही.

याला उत्तर त्याच जिल्ह्यात सापडलं. २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, १८०० हेक्टरच्या वर जंगल. राखायचं कुणी? ग्रामसभेने. जे जंगल माझं आहे ते मी कशाला जाळू? आणि कायदेशीर मुद्दा पक्का धरा: वनहक्क कायद्याच्या कलम ४ ने हे हक्क इतर कायद्यांत काहीही असलं तरी दिलेले आहेत. तेव्हा ग्रामसभेचा हक्क कलम २६ च्या एका हुकुमाने बंद करता येत नाही, हे म्हणणं प्रत्येक गावाने लेखी मांडलं पाहिजे.

आता सुरजागड. माडियांच्या ठाकूरदेवाचा तो डोंगर. २००७ साली तिथली सुमारे ३४८ हेक्टर जमीन लॉईड्स मेटल्स कंपनीला खाणीसाठी मिळाली. विरोध होताच. २५ डिसेंबर २०१६ ची आग त्यानंतरची. आपण इथं गुळमुळीत बोलणार नाही. ट्रकचा ड्रायव्हर भांडवलदार नसतो. बंदूक दाखवून गाड्या जाळल्याने डोंगर वाचला नाही. २०२१ पासून खाण पुन्हा धडाक्यात सुरू झाली आणि पोलिसांची ससेमिरा मात्र गावांच्या मागे लागली. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत रक्तपाताचा मार्ग सोडायला सांगितलं, ते भिऊन नव्हे. हिंसेची किंमत सगळ्यात खालचा माणूस देतो हे त्यांना माहीत होतं.

पण आगीचा निषेध करणं एक आणि आगीच्या नावाने कुणालाही आत टाकणं दुसरं. ॲड. सुरेंद्र गडलिंग नागपूरच्या कोर्टांत आदिवासी आणि दलित आरोपींचे खटले चालवायचे. ६ जून २०१८ ला भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली; पुढे सुरजागडच्या जाळपोळीत आरोपी केलं. आरोप आग लावल्याचा नाही, माओवाद्यांना मदत करून कटात सामील झाल्याचा. त्यांनी तो नाकारला. ३१ जानेवारी २०२३ ला नागपूर खंडपीठाने आरोप सकृद्दर्शनी खरे मानून जामीन नाकारला. २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयात जामिनाचा अर्ज चालूच होता, खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.

जामीन का नाही? कारण ४३५ ला युएपीए जोडला. त्याचं कलम ४३ड(५) सांगतं, आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. २०१९ च्या वटाली निकालाने जामिनाच्या वेळी पुरावा खोलात तपासायची वाटही बंद केली. युएपीएची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते हे खरं. पण हिशोब मांडा: वाहन जाळण्याची जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षे, आणि २०२५ च्या जूनमध्ये या माणसाची निकालाआधीची सात वर्षे तुरुंगात पूर्ण झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला, त्यांच्या पुनर्वसनाची भाषा झाली. बंदुका खाली पडल्या याचा आनंदच आहे. पण बंदूकवाल्याला पुनर्वसन आणि वकिलाला कोठडी, हे कुठलं गणित?

वकील म्हणजे त्याचा अशील नव्हे. १९९० साली हवानात संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली वकिलांविषयीची तत्त्वं हेच सांगतात. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात जेधे-जवळकरांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं आणि अपिलात त्यांना सोडवलं. वकिलालाच आरोपी करा म्हणजे पुढचा वकील घाबरतो. मग जंगलातल्या पोराचं वकीलपत्र कोण घेणार?

याच चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर बघा. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथं सरकारी डाक बंगला जाळला, सरकारी अंमलदार मारले गेले. खास कोर्टांनी फाशीच्या शिक्षा दिल्या. देशभर आवाज उठला, १९४५ मध्ये राहिलेल्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. आज चिमूर क्रांतिभूमी आहे. आम्ही त्या माणसांचा अपमान करत नाही. एवढंच विचारतो: त्याच मातीत, त्याच आरोपाखाली आज सापडलेल्या गरिबाला निदान नीट खटला तरी मिळेल का?

आग कशी मोजायची याचं या देशातलं खरं माप कलमात नाही. काय जळलं यापेक्षा कुणाचं जळलं आणि संशय कुणावर, यावर शिक्षा ठरते. हे माप मोडायचं तर कायदा आपल्या हातात पाहिजे. कायदा हातात घ्यायचा म्हणजे जाळपोळ करायची नव्हे. कायद्याचं पुस्तक हातात घ्यायचं.

म्हणून हे पाठ करा.

एक. आगळीक सिद्ध व्हायला इरादा किंवा जाणीव लागते. चुकून लागलेली आग म्हणजे आगळीक नव्हे. निष्काळजीपणाचं कलम वेगळं आहे, न्याय संहितेचं २८७, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत.

दोन. पोलिसांसमोरची कबुली पुरावा ठरत नाही. वनअधिकाऱ्याला मात्र अनेक निकालांत ‘पोलीस’ मानलेलं नाही. म्हणून वनखात्याच्या नाक्यावर न वाचता सही नाही, अंगठा नाही. कोऱ्या कागदावर तर मेलात तरी नाही.

तीन. कुणी प्रत्यक्ष पाहिलं नसेल तर परिस्थितीची साखळी पूर्ण लागते, मधली एक कडी तुटली की आरोपी सुटतो. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्याच शरद सारडा खटल्यात सांगितलं. आता वणव्याची खबर उपग्रहावरून मोबाइलवर येते. उपग्रहाला आग दिसते, काडी ओढणारा हात दिसत नाही.

चार. अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न विचारता फुकट वकील, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने. तो उपकार नाही, मागून घ्या.

पाच. आपली वस्ती जळाली तर पहिल्याच फिर्यादीत नावं, वेळ, घरांची यादी आणि ३(२)(चार). फौजदार लिहीत नसेल तर अधीक्षकाकडे लेखी पाठवा, पोच ठेवा. कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याच कायद्याच्या कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद आहे.

नागपूर, मुंबई, पुण्याच्या लॉ कॉलेजांत आपली पोरं-पोरी आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत ती नाचतात, नाचावं. पण सुट्टीचे पंधरा दिवस एटापल्लीला, सिरोंचाला, गोंडपिपरीला द्या. ग्रामसभेत बसा. दावे लिहून द्या. वनगुन्ह्याचे कागद वाचून दाखवा. जामिनाला हमीदार उभे करा. मोर्चाला माणूस मिळतो, कोर्टाच्या तारखेला मिळत नाही. आणि आपली माणसं तारखेला सडतात.

महाडला आपण पुस्तक जाळलं, कारण ते आपल्याला माणूस मानत नव्हतं. हे दुसरं पुस्तक जाळून भागणार नाही. हे वाचावं लागेल, कोर्टात उघडावं लागेल, आणि त्यातलं कलम २६ चं तिसरं पोटकलम विधिमंडळात आणि संसदेत खोडायला लावावं लागेल. गुन्हा एकाचा तर शिक्षा एकाला. एवढी साधी मागणी आहे. ती पुरी होईपर्यंत गप्प बसायचं नाही.

जयभीम.